वरवंटा लावलेलं दार

उषावहिनींचा फोन आला तेव्हा मी एका पुढाऱ्याच्या गालावरचा तीळ पुसत होतो. केजमध्ये माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि लोकांचे चेहरे आहेत त्याहून बरे दाखवणं हा माझा धंदा. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले…" आणि पुढे त्यांना बोलवेना. अशा वेळी माणूस 'कसं?' विचारतो, 'कुठं?' विचारतो, निदान 'अरे देवा' तरी म्हणतो. माझ्या तोंडून निघालं, "कुणी?"

मग वहिनीच मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "कुणी न्हाई हो भावजी. स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत उभे होते. छातीत कळ आली आन् खाली बसले, ते बसलेच. डॉक्टर म्हणले, हृदयाचं हाय." आणि खरं सांगतो, हृदयाचं आहे म्हटल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. शाळेपासूनचा मित्र गेला आणि मी खुर्चीत मागे टेकून श्वास सोडला… हृदयविकाराचं नाव ऐकून हायसं वाटलेला तालुक्यातला मी बहुधा एकटाच. रडू नंतर आलं, तीळ अर्धा पुसलेला तसाच राहिला, आणि तो फलक तसाच छापून चौकात लागलाही. पण त्या 'कुणी?'मागे काय होतं हे सांगितल्याशिवाय महारुद्र सांगून होत नाही.

महारुद्र आणि मी केजच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो हुशार आणि मी त्याच्या शेजारी, त्यामुळे दहावीपर्यंत माझीही गणना हुशारांत होत असे. पुढे तो पुण्याला जाऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरला, बाकावर शेजारी कुणी उरलं नाही, आणि माझी खरी गुणवत्ता जगापुढे आली. पुण्यातच त्याला मुक्त सॉफ्टवेअरचा नाद लागला. ते म्हणजे काय, हे त्यानं मला भजी खाताना समजावलं होतं. "हाटेलवाला भजी देतो, पण पीठ कसं कालवलं ते सांगतो का? हे लोक भजीबी देतात, पीठबी दाखवतात, आन् म्हणतात, तुला मीठ कमी वाटत असंल तर तू घाल." मी म्हणालो, असा धंदा केजमध्ये महिनाभर टिकायचा नाही. तो हसला. जगभरातली माणसं मिळून करत असलेल्या अशाच एका मोठ्या कामात तो रात्रंदिवस राबत होता. मग एका सकाळी त्यानं कित्येक महिने खपून केलेला भाग तिथून काढून टाकलेला दिसला. खाली एकच ओळ होती: 'आम्ही असं ठरवलं आहे.' यानं विचारलं, कुठं ठरवलं, कुणी ठरवलं, कारण काय? उत्तर आलं की काही जण फोनवर बोलले होते.

ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज कधी चढला नाही. काम गेलं याचं दुःख नाही, म्हणायचा. "पीठ उघडं होतं बे बंक्या, समद्या जगाला दिसत होतं. पण मीठ किती घालायचं ते आतल्या खोलीत ठरत होतं. त्या 'आम्ही'त मी न्हवतो. आन् कोण होतं, ते आजवर कळलं न्हाई."

वडिलांना लकवा झाला म्हणून तो केजला परतला आणि घरूनच नोकरीचं काम करू लागला. रस्त्याकडेची कडब्याची खोली त्यानं झाडून घेतली, टेबल टाकलं. त्या खोलीची चौकट तिरकी होती. दार उघडं ठेवलं की हळूहळू आपोआप लागायचं, आणि एकदा लागलं की असं घट्ट बसायचं की बाहेरून कुणी खांदा मारल्याशिवाय उघडायचं नाही. महारुद्रनं सुतार बोलावला नाही. आईचा जुना काळा वरवंटा आणून दाराशी आडवा टाकला. सुरुवातीला ती नुसती सोय होती. पुढे 'घागर' सुरू झाली आणि त्या सोयीचा नियम झाला.

घागर म्हणजे त्यानं आमच्या भागासाठी केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. उन्हाळ्यात आमच्याकडच्या पुष्कळ गावांची तहान टँकरवर असते. टँकर आला की गावातल्या कुणीही फोनवर एक बटण दाबायचं, आला नाही तर दुसरं. दाबलेलं सगळ्यांना दिसायचं, त्या गावाला, शेजारच्या गावाला, तालुक्याच्या साहेबांना, कुणालाही. इतकं साधं. लिहायला मदत करणारे मात्र कुठून कुठून जमले होते. वडवणीकडच्या शाळेवरच्या मीराताई होत्या, केरळातली एक मुलगी होती, जर्मनीतला एक गृहस्थ होता, त्याला टँकर म्हणजे पेट्रोलचा एवढंच माहीत होतं. आणि बटणांवरचा मराठी मजकूर पाहायला मी होतो, कारण फलकांवरची माझी भाषा महारुद्रला आवडायची असं मी धरून चाललो होतो. एका साहेबांच्या वाढदिवसाला मी चुकून 'भावपूर्ण' छापून बसलो होतो, पुढचा शब्द छापायच्या आत त्यांच्याच माणसानं यंत्र बंद पाडलं, ही कीर्ती त्याच्या कानावर होती, तरीही.

गावात चावडीवाचन असतं तसं घागरीत व्हायचं. जमिनीच्या नोंदी तलाठी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो आणि ज्याची हरकत असेल त्यानं तिथंच उठून बोलायचं, ही आमच्याकडची रीत. महारुद्रनं घागरीसाठी एक उघडं पान केलं आणि त्याला चावडी नाव दिलं. काहीही बदलायचं असेल तर तिथं लिहायचं, स्वतःच्या नावानं, कारणासकट. आठवडाभर ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलायचं, मगच बदल. फोनवर ठरलेलं, चहावर ठरलेलं, लग्नाच्या मांडवात ठरलेलं हे ठरलेलं धरायचंच नाही. खोलीत बसून घागरीबद्दल नुसतं बोलायचं झालं तरी दाराला वरवंटा लागलाच पाहिजे. वैशाखात रस्त्याची सगळी धूळ आमच्या चहात यायची. एकदा शेजारची शेळी आत येऊन चर्चेला बसली, तेव्हा महारुद्र म्हणाला, "बसू दे, तिचीबी हरकत असंल." बाहेर ओट्यावर उषावहिनी सुपात गहू घेऊन निसत बसलेल्या असत.

हा नियम मी मोडला. कुणीतरी मोडणारच होतं, तर मग ते काम मी केलं. टँकरवाल्याचा मुनीम माझ्या ओळखीचा. हॉटेलात बसून तो म्हणाला, "बंकटराव, ते 'टँकर आला न्हाई' लई मनाला लागतं हो. लोक पाया पडायचं सोडून आमच्या नावानं बोटं मोडतात." मला ते पटलं. आमच्या फ्लेक्सवर निवडणुकीत पडलेला माणूस नसतोच, तो 'भावी' असतो. मग न आलेल्या टँकरला भावी टँकर का म्हणू नये? दुकानात येऊन मी बटणावरचं 'आला नाही' पुसलं आणि 'येत आहे' लिहिलं. किती सभ्य दिसलं ते!

धर्मापुरीच्या बाजूच्या एका गावात दुसऱ्याच दिवशी टँकर आला नाही. लोकांनी सवयीनं दुसरं बटण दाबलं. जितका टँकर आला नाही तितका तो सगळ्यांच्या फोनवर येत राहिला. लांबच्या विहिरीवर निघालेल्या बायका निम्म्या वाटेतून परत फिरल्या, कारण येतोय म्हणतात. हंडे रांगेत लागले, ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. एक पोटुशी बाई रांगेतच चक्कर येऊन पडली. ती वाचली, बाळही वाचलं. ही एवढी बातमी कानावर येईपर्यंत मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो होतो.

महारुद्र रागावेल या तयारीनं मी गेलो. त्यानं फक्त विचारलं, "कुठं ठरलं हे?"

"हाटेलात."

"कोण कोण होतं?"

"मी, मुनीम… आन् भजी."

"भजी कुणाच्या बाजूनं होती बे?" तो म्हणाला, पण हसला नाही. मग म्हणाला, "तू चुकलास ह्याचं काय न्हाई. चुकायचं तर चावडीवर चुक. आठ दिवसांत कुणीतरी धरलं असतं तुला. हाटेलात कोण धरणार?" मग त्यानं मला खुर्चीत बसवून हे सगळं माझ्या नावानं चावडीवर लिहायला लावलं. भजीसकट. ते अजून तिथं आहे. जर्मनीतल्या गृहस्थानं भजी म्हणजे काय, असं खाली विचारलेलंही आहे.

मीराताईंची सूचना या प्रकारानंतर आली. गावानं केलेली नोंद लगेच दिसावी, आणि एकदा दिसलेली नोंद कुणालाही पुसता येऊ नये. चूक असेल तर तिच्याखाली दुरुस्ती लिहावी, मूळ नोंद तशीच राहावी. चावडीवरच्या लिखाणालाही हेच लागू. चावडीवर आठवडाभर चर्चा झाली, कुणी हरकत घेतली नाही आणि बदल झाला. मी मनात म्हटलं, या बाईनं माझ्यासारख्यांचा चांगला बंदोबस्त केला. त्या बंदोबस्तात आणखी कोण सापडलं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

दुपारची वेळ होती. दारात जीप थांबली आणि आप्पा उतरले. आमच्या तालुक्यात आप्पा पुष्कळ आहेत, म्हणून हे नाव लिहायला मी धजावलो. हे आप्पा म्हणजे आमच्या पुढारी साहेबांचा उजवा हात आणि माझ्या दुकानाचा पोशिंदा. टँकरचे ठेकेही त्यांच्याच माणसांकडे. निम्मे फलक त्यांच्या शब्दावर यायचे. मला कोपऱ्यात पाहून ते म्हणाले, "बंकटराव, तुमी हितं कावून?" मी म्हणालो, "प्रिंटर बघायला आलतो." खोलीत प्रिंटर नव्हता.

आप्पा बसले. पाणी प्याले. आवाज मऊ होता, आणि आप्पांचा आवाज मऊ झाला की मी आधी चपला शोधतो. "महारुद्रराव, लई नाव ऐकून होतो. पाण्याचं काम म्हंजी पुण्याचं काम. दोन शब्द बोलायचे होते… दार लावा की जरा."

"लागत न्हाई ते, आप्पा. वरवंटा लावलाय."

"मग काढा की."

"र्‍हाऊ द्या. बोला तुमी."

बाहेर सुपाचा आवाज थांबला. आप्पांनी रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. "तसं काय मोठं न्हाई. गावात पोरं कायबी बटणं दाबतात. खरं-खोटं कोण बघणार? नोंद आधी एखाद्या जबाबदार माणसाकडं जावी, त्यानं मंजूर केली की मग लोकांना दिसावी. एवढी एक पायरी घाला."

"जबाबदार माणूस कोण?"

"असतो की गावोगाव आपला."

"सूचना लिहा चावडीवर," महारुद्र म्हणाला. "तुमच्या नावानं, कारण घालून. लोक बोलतील आठवडाभर. पटलं तर होईल."

"नावानं कावून?"

"समद्यांनी नावानंच लिहिलंय, आप्पा."

"व्हय, वाचलंय आमी." आप्पा उठले, टोपी नीट केली. "ही मीरा कोण हो? वडवणीकडं शाळेवर हाय म्हणं. बदलीचं बघत होती मागं… एकटीच र्‍हाती का?"

उत्तराची वाट न बघता ते गेले. जीप वळली, धूळ आत आली. मग महारुद्रनं तांब्या उचलला तेव्हा त्याच्या हातून पाणी हिंदकळून शर्टावर सांडलं. मी त्याला पहिल्यांदाच असा पाहत होतो. विचारलं, "भ्यालास?"

"लई."

"मग दार लाव की आतातरी."

"लावल्यावर आणिक भ्या वाटंल बे," तो म्हणाला. "आत काय ठरतंय ते बाहेरच्याला कळत न्हाई, आन् बाहेर कोण उभं हाय ते आपल्याला कळत न्हाई." मग, "पर तिचं नाव मी उघड्यावर ठेवलंय रं… माझ्या नियमानं." त्या एका वाक्यानं तो किती पोखरला गेला हे मी पुढचे कित्येक दिवस पाहत होतो. नीट जेवत नव्हता. रस्त्यावर जीप वाजली की बोलता बोलता थांबायचा. लोक म्हणतात हृदय अचानक बंद पडलं. पडलं असेल. मी मात्र त्याला त्या दुपारपासून छातीवर हात ठेवून बसलेला पाहिला होता, आणि पित्ताची गोळी खा म्हणून वर सल्लाही दिला होता.

रविवारी मीराताई वडवणीहून जीपनं आल्या. काळीसावळी, सडपातळ, चष्म्यावरून बघणारी बाई. महारुद्र म्हणाला, ताई, तुमी सांगा, नियम मोडून नाव काढतो. त्या म्हणाल्या, "काढून काय? त्यांनी वाचलंय. आता काढलं तर दिसंल की ही भ्याली. ठेवलं तर मी घरात कडी लावून भिणार हायेच. भ्यायचं मलाच हाय, सर, तुमी फक्त कसं भ्यायचं ते विचारा."

महारुद्रनं मग त्यांची परवानगी घेऊन जे झालं ते तसंच्या तसं चावडीवर लिहिलं: अशी एक सूचना तोंडी आली, देणाऱ्यानं नाव लिहायला नकार दिला, आणि सूचनेसोबत आपल्यातल्या एकीची चौकशी झाली. आपण काय करावं? संध्याकाळपर्यंत केरळातल्या मुलीनं मीराताईंच्या जुन्या सूचनेखाली लिहिलं, 'ही मागणी माझीसुद्धा आहे,' आणि आपलं पूर्ण नाव घातलं. जर्मनीतल्यानं घातलं. मग गावागावांतून नावं येऊ लागली, बटणं दाबणाऱ्या पोरांची, बचतगटाच्या बायकांची, कधी चावडीवर न बोललेल्यांची. मीराताईंचं नाव त्या गर्दीत शोधायला वेळ लागेल इतकी नावं झाली. मीही लिहिलं. 'ही मागणी माझीसुद्धा आहे. ब.'

"ब म्हंजी कोण बे?" महारुद्रनं विचारलं. "बाभळ?"

मी म्हणालो, धंद्याचा प्रश्न आहे. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. पण थोड्याच दिवसांनी त्यानं चावडीवर मांडलं की माझं काही झालं तर घागरीची चावी, म्हणजे तिच्यात बदल पक्का करायचा पासवर्ड, बंकटकडे द्यावी. मला विचारलंसुद्धा नाही, थेट मांडलं! मीराताईंनी खाली हरकत घेतली: 'बंकटभाऊ मनानं चांगले आहेत, पण भित्रे आहेत.' महारुद्रनं उत्तर लिहिलं: 'म्हणूनच. भित्र्या माणसाला पळायला वाट लागते. तो दार लावून घेणार नाही.' आठवडाभर माझ्या भित्रेपणावर केरळपासून जर्मनीपर्यंत खुली चर्चा झाली आणि तो सर्वानुमते मान्य झाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. कुणाला कुठे शेतजमीन मिळते वारशात. माझ्या नावावर ही भीती चढली, आणि ती चढलेली सगळ्या जगानं वाचली. आप्पांनीही.

दहाव्याला आम्ही नदीकाठी कावळा शिवायची वाट बघत उभे होतो, तेव्हा माझा फोन थरथरला. मी बाभळीआड गेलो. आप्पाच होते. "बंकटराव, लई वाईट झालं. देवमाणूस." मग, "ती एक पायरी तेवढी घालून टाका आता. चावी तुमच्याकडंच हाय. चावडी-बिवडी नको, कुणाला कळायचंबी न्हाई. आन् सायबांचा वाढदिवस आलाय जवळ, समदे फलक तुमच्याकडंच धाडतो."

मी म्हणालो, "बघतो."

मराठीत या शब्दाइतकं डरपोक दुसरं काही नाही. त्यात हो नाही आणि नाहीही नाही. परत आलो तोवर पिंडाला कावळा शिवला होता. माझ्या 'बघतो'च्या आधी शिवला की नंतर, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते दुकानातल्या फलकांना विचारा. त्या सगळ्यांवर साहेब हात जोडून हसत होते आणि त्यांची नजर मी जाईन तिकडे फिरत होती. रस्त्यावरून जीप हळू गेली की मी काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकायचो. आप्पांचे फोन यायचे, मी यंत्राचा आवाज मोठा करायचो. मग मीराताईंचा फोन आला. आवाज सपाट होता. "भाऊ, शाळेत दोघं जण आलते. बदली हवी का म्हणून विचारत होते. मी अर्जच केलेला न्हाई आता… तुमाला काय माहीत हाय का?" मी म्हणालो, नाही. त्या 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला तेव्हा वाटलं, घालून टाकावी ती पायरी. बाई सुटेल, मी सुटेन. काही ओळींचं काम. महारुद्र आता थोडाच विचारायला येणार आहे, कुठं ठरलं म्हणून?

त्याच्या संगणकावरूनच ते करावं म्हणून मी दुपारी त्याच्या घरी गेलो. वहिनींना म्हणालो, जरा कागदपत्रं बघतो. आत बसलो, चावी घातली. मांडणी सगळी त्यानं मला शिकवलेली. ओळी लिहून झाल्या, आता फक्त एक कळ दाबायची… आणि खोलीत अंधारून आलं. वळून पाहिलं तर दार लागत होतं. हळूहळू, कुणी बाहेरून ओढावं तसं. खाली वरवंटा नव्हता. मी उठून धावलो तोवर ते चौकटीत बसलंही. ओढलं, हलेना. कडब्याचा जुना वास आला. बाहेर जीपसारखं काहीतरी वाजलं आणि थांबलं, आणि आत मी, पडद्यावर त्या ओळी, आणि हे कुणालाच माहीत नाही! त्या क्षणी मी जितका भ्यालो तितका आप्पांनाही कधी भ्यालो नव्हतो. दोन्ही हातांनी दार बडवत मी ओरडलो, "वहिनी!"

वहिनींनी बाहेरून खांदा मारला. उजेड आत आला. रस्त्यावर जीप नव्हती, दुधाची गाडी होती. वहिनींनी विचारलं, "कावून लावलं भावजी दार?"

"लावलं न्हाई. लागलं."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. मी सगळं बोलून टाकलं, आप्पांचा फोन, माझं बघतो, मीराताईंच्या शाळेत आलेली माणसं. म्हणालो, तुम्हाला घागरीतलं हे कळणार नाही वहिनी. त्या म्हणाल्या, "ह्यांनी मला कधी काय सांगितलं न्हाई. सांगायची गरजच न्हवती. दार उघडं असायचं. मी गहू निसत समदं ऐकलंय, तुमच्या भज्यापासून." आणि ओट्यावर जाऊन बसल्या. "बोला मोठ्यानं. काय लिहायचं ते बोला, मी ऐकते हाय."

मी विचारलं, वरवंटा कुठाय? तेराव्याच्या स्वयंपाकाला पाहुण्या बायकांनी उचलून नेला होता. वहिनींनी तो आतून आणला, खाचेत लसणाची चटणी चिकटलेली होती, आणि दाराशी आडवा टाकला. मी त्या ओळी पुसल्या. मग चावडी उघडली आणि मोठ्यानं बोलत लिहिलं: मला फोन आला. हे मागितलं, हे देऊ केलं. चावडीवर आणू नका असं सांगितलं. मीराताईंच्या शाळेत माणसं गेली. मी 'बघतो' म्हणालो होतो. मी बघितलं, आता तुम्ही सगळ्यांनी बघा. खाली ब नाही, माझं पूर्ण नाव लिहिलं, दुकानाच्या पाटीवर आहे तसं. घाईत नावातलं एक अक्षर दोनदा पडलं. पुसता येत नाही. मीराताईंनीच तसं करून ठेवलंय.

पहिलं नाव मीराताईंचं आलं. त्यामागून, चावडीवर कधी एक शब्द न लिहिलेल्या कुणाचं तरी: 'उषा महारुद्र. मी ऐकलं आहे.'

साहेबांच्या वाढदिवसाचे फलक दुसरीकडे छापले गेले. दुकान बरंच शांत असतं, म्हणून दुपारी मी महारुद्रच्या खोलीत जाऊन बसतो. माझ्या लिखाणावरच्या चावडीतल्या चर्चेचा आठवडा अजून पुरा व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. रस्त्यावर जीप थांबली, आणि या वेळी ती दुधाची गाडी नव्हती. ओट्यावर चपला वाजल्या. "बंकटराव, हायत का?" मी 'या' म्हणालो. आप्पांनी खुर्ची ओढली, बसले, पाणी प्याले. उघड्या दारातून जीपमधली आणखी दोन माणसं दिसत होती. दाराशी टाकलेला वरवंटा दिसेल अशी मी माझी खुर्ची जरा सरकवून घेतली.

बाहेर सुपाचा आवाज थांबला.

आप्पा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "दार लावा की जरा."

"लागत न्हाई ते, आप्पा," मी म्हणालो. "वरवंटा लावलाय. बोला तुमी."